दुष्काळ लिहावे की उपासमार?

पत्र : मी एका मराठी दैनिकाच्या आंतरराष्ट्रीय पानावर उपसंपादक आहे. गाझाविषयीच्या बातमीत ‘फॅमिन’ या इंग्रजी शब्दासाठी मी ‘दुष्काळ’ हा शब्द वापरला. त्यावर वाचकांचे फोन आले की तिथे युद्ध चालू आहे, पावसाचा तिथे काय संबंध? वरिष्ठांनी यापुढे ‘उपासमार’ लिहायला सांगितले आहे. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की ‘फॅमिन’ आणि ‘फॅमिली’ हे शब्द एकाच मुळातून आले आहेत आणि आपण ते चौकटीत द्यावे. दुसरी अडचण घरची आहे. माझी आजी माण तालुक्यातली. तिच्या बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी मी दिवाळी अंकासाठी लिहीत आहे, पण जुन्या सरकारी कागदांत सगळीकडे ‘टंचाई’ असे आहे. मी कोणता शब्द धरावा? — एक उपसंपादक, सातारा

उत्तर : तुमचा शब्द चुकलेला नाही. ‘फॅमिन’ला मराठीत दुष्काळच म्हणावे, वरिष्ठांनी सुचवलेली उपासमार ही निराळी गोष्ट आहे आणि तिच्याकडे मी पुढे येतो. मात्र वाचकांचा आक्षेपही उडवून लावण्याजोगा नाही. दुष्काळ म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन आणि टँकरपुढच्या रांगा उभ्या राहतात, आणि ही सवय त्यांना आपल्या वर्तमानपत्रांनीच लावलेली आहे.

पावसाने दगा दिल्यामुळे येणारे संकट आणि माणसे अन्नावाचून मरू लागण्याची अवस्था यांना इंग्रजीत ‘ड्राउट’ आणि ‘फॅमिन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीतही ‘सूखा’ आणि ‘अकाल’ हा भेद बऱ्यापैकी टिकून आहे. मराठीत ‘अवर्षण’ आहे, पण तो शब्द अहवालांत आणि ‘अवर्षणप्रवण तालुका’ अशा सरकारी जोडणीतच आढळतो. माण-खटावच्या पारावर बसून कोणी ‘यंदा अवर्षण आहे’ असे म्हणत नाही. यात भाषेचे दारिद्र्य शोधण्याचे कारण नाही. ज्या पठारावर सह्याद्रीच्या आडोशामुळे पाऊस तोकडा पडतो आणि ज्वारी-बाजरीचे पीक एखाद्या-दुसऱ्या पावसावर तगते किंवा जाते, तिथे पाऊस हुकणे, पीक बुडणे, जनावरे विकणे आणि अखेरीस पोटासाठी गाव सोडणे या गोष्टी इतक्या ठरलेल्या क्रमाने येत गेल्या की त्या सगळ्यांना मिळून एकच नाव पुरले.

शब्दाची घडण पाहिली तर मात्र त्यात पाऊस कुठेच नाही. ‘दुस्’ हा वाईटपणा किंवा कठीणपणा दाखवणारा उपसर्ग आणि ‘काल’ यांचा संधी होऊन ‘दुष्काल’ झाला आणि मराठीने त्याच्या शेवटच्या लकाराचा ळकार केला. अर्थ एवढाच की वाईट काळ. याचा उलट शब्द ‘सुकाळ’. त्याचा अर्थ पुष्कळ पाऊस असा नसून धान्य मुबलक आणि आवाक्यात असणे असा आहे. अतिवृष्टीने उभे पीक कुजले की आपण ‘ओला दुष्काळ’ म्हणतो आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही, ती यामुळेच. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण तर याचा उत्तम पुरावा आहे. तेरावा महिना म्हणजे अधिक मास. केवळ पाऊस मोजणाऱ्या माणसाला त्याची धास्ती वाटण्याचे कारण नाही. कणगीतले दाणे वर्षअखेरपर्यंत पुरतील का, ही चिंता ज्याला आहे, त्यालाच वर्षात शिरलेले आणखी तीस दिवस भारी पडतात. म्हण करणाऱ्यांच्या मनात दुष्काळाचे माप आभाळात नव्हते, घरात होते.

याला आणखी जुना आधार हवा असेल तर तुकोबांचा घ्या. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भयंकर दुष्काळाची झळ त्यांच्या घराला लागली आणि त्याविषयी ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ असे त्यांनी लिहिले. या ओळीत पावसाचे नावही नाही. देहूच्या वाण्याच्या घरातले आधी द्रव्य आटते, मग पत जाते आणि त्यानंतर बायको अन्नासाठी आक्रोश करीत मरते, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. धान्याचा एकूण साठा किती आहे यापेक्षा तो मिळवण्याची ऐपत किंवा हक्क कोणी गमावला हे पाहिल्याखेरीज दुष्काळ समजत नाही, अशी मांडणी अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये केली. तिचे मूळ तुकोबांत आहे असे म्हणणे ओढून-ताणून होईल, पण दोघांचीही नजर आभाळाकडे नसून घराच्या ऐपतीकडे आहे, एवढे निश्चित.

संस्कृत परंपरेने कारण आणि परिणाम वेगळे ठेवले होते आणि तुमच्या फोन करणाऱ्या वाचकांना याचे नवल वाटेल. शेतीवर येणाऱ्या संकटांना ‘ईति’ म्हणत आणि प्रसिद्ध श्लोकात त्या सहा मोजल्या आहेत : अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर, पोपट आणि जवळ येऊन ठेपलेले राजे. म्हणजे चालून आलेले सैन्य हे कमी पावसाइतकेच अन्नसंकटाचे कारण आहे, असे हा श्लोक गृहीतच धरतो. या संकटांचा जो परिणाम, त्याला शब्द होता ‘दुर्भिक्ष’, म्हणजे भिक्षा मिळणे कठीण झाले आहे अशी स्थिती. मला हा शब्द फार सूक्ष्म वाटतो. गृहस्थाच्या दारातून मूठभर देणेही बंद होते तेव्हा त्याच्या चुलीची काय अवस्था असेल, हे त्यातून न सांगता कळते. कौटिल्याने दैवी आपत्तींमध्ये दुर्भिक्षाची गणना केली आणि लगेच राजाचे कर्तव्यही सांगितले : त्याने प्रजेला बियाणे आणि अन्न पुरवावे, अथवा अन्नाच्या मोबदल्यात दुर्ग आणि सेतू यांची, म्हणजे गडकोटांची आणि बंधाऱ्यांची कामे काढावीत. (तिथे अन्नासाठी ‘भक्त’ हा शब्द आहे, आपला ‘भात’ त्यातूनच आला.) असे असले तरी मथळ्यात तुम्ही ‘दुर्भिक्ष’ वापरू नये. आजच्या मराठीत चांगल्या शिक्षकांचे दुर्भिक्ष असते, निःस्पृह अधिकाऱ्यांचे दुर्भिक्ष असते, आणि या आलंकारिक वापराने तो शब्द इतका झिजला आहे की त्यातून आता भूक जाणवत नाही.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या व्युत्पत्तीकडे वळू. ती छापू नका. ‘फॅमिन’चे मूळ लॅटिन ‘फामेस’, म्हणजे भूक. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत रुळला आणि भुकेने व्याकूळ होणे या अर्थाचा ‘फॅमिश’ हा त्याचा सख्खा भाऊ आहे. ‘फॅमिली’ मात्र लॅटिन ‘फामिलिआ’पासून आली आणि ती ‘फामुलुस’, म्हणजे घरातला चाकर किंवा गुलाम, या शब्दापासून. सुरुवातीची अक्षरे सारखी आहेत, एवढेच साम्य. चौकट द्यायचीच असेल तर वेगवेगळ्या समाजांनी या संकटाला कशाचे नाव दिले हे द्या, कारण तिथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या काळाला आयरिश भाषेत ‘अन गोर्टा मोर’, म्हणजे मोठी भूक, असे म्हणतात, आणि अनेक आयरिश लोक आजही ‘फॅमिन’ हा इंग्रजी शब्द टाळतात, कारण बटाटा कुजत असताना देशातले धान्य आणि जनावरे जहाजांवर चढून इंग्लंडला जातच होती. युक्रेनने १९३२-३३ च्या संहाराला ‘होलोदोमोर’ हे नाव दिले. त्यात ‘होलोद’ म्हणजे भूक आणि दुसरे पद मारण्याच्या अर्थाचे आहे. ‘युद्ध चालू असताना दुष्काळ कसला?’ हा तुमच्या वाचकांचा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. ज्या शब्दामुळे दोष निसर्गावर जातो, तो शब्द ज्यांनी सोसले त्यांना पुरत नाही.

तरीही ‘उपासमार’ हे उत्तर नव्हे. उपासमार एका माणसाची होऊ शकते, एका घराची होऊ शकते, आणि ती भरल्या बाजारात, शेजारच्या घरी मेजवानी चालू असतानाही होऊ शकते. ‘फॅमिन’ ही समूहाची अवस्था आहे आणि आजच्या आंतरराष्ट्रीय वापरात तिला मोजमाप आहे. अन्नसुरक्षेच्या स्थितीचे पाच टप्प्यांत वर्गीकरण करणारी एक एकात्मिक पद्धत २००४ मध्ये सोमालियात आकाराला आली आणि आता संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, अनेक सरकारे आणि मदतसंस्था ती वापरतात. तिच्या पाचव्या टप्प्याचे नाव ‘फॅमिन’. एखाद्या भागातली किमान २० टक्के कुटुंबे अन्नाच्या टोकाच्या अभावात असली, पाच वर्षांखालील किमान ३० टक्के बालके तीव्र कुपोषित असली (दंडघेराच्या मापाने हे प्रमाण १५ टक्के धरतात) आणि दर १० हजार लोकसंख्येमागे रोज किमान दोन माणसे भुकेने किंवा कुपोषण आणि रोग यांच्या एकत्रित परिणामाने मरत असली, तरच तो टप्पा गाठला असे मानले जाते. या कसोटीवर २०११ मध्ये सोमालियाचे काही भाग, २०१७ मध्ये दक्षिण सुदानचे दोन तालुक्यांएवढे भाग, ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानमधली झमझम ही विस्थापितांची छावणी आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहराचा समावेश असलेला प्रांत, असे मोजकेच निष्कर्ष निघाले. अशा बातमीत ‘उपासमार’ एवढेच लिहिले, तर या निष्कर्षाचे वजनच निघून जाते; वाचकाला वाटते की उपासमार तर तिथे कित्येक महिने चालूच होती, मग आज नवे काय घडले?

यात एक व्यावहारिक काळजी घ्या. त्या पद्धतीच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप ‘आयपीसी’ असे आहे आणि मराठी वाचक ते भारतीय दंड संहिता असेच वाचणार. म्हणून ‘अन्नसुरक्षा वर्गीकरण करणारी आंतरराष्ट्रीय यंत्रणा’ असे फोडून लिहा. या यंत्रणेचे तज्ज्ञ निष्कर्ष काढतात. त्यावर औपचारिक घोषणा करणे हे सरकारचे किंवा संयुक्त राष्ट्रांचे काम असते, हा फरकही मथळ्यात पुसला जाऊ नये.

मग वाचकांचे समाधान कसे करावे? त्याची सोय बोली मराठीत तयार आहे. २०१२-१३ मध्ये मराठवाड्यातली म्हातारी माणसे पत्रकारांना सांगत होती की बहात्तरला विहिरींना पाणी होते पण खायला दाणा नव्हता, आणि आता दाणा आहे पण पाणी नाही. तो अन्नाचा दुष्काळ होता, हा पाण्याचा आहे. चाऱ्याचा दुष्काळ हाही असाच शब्द. म्हणजे हा शब्द एकटा अपुरा पडला की लोक त्याला षष्ठी जोडतात आणि कशाचा ते सांगतात. तुम्हीही ‘गाझात अन्नाचा दुष्काळ’ असा मथळा करावा आणि पहिल्याच परिच्छेदात, अन्नाची वाट कोणत्या कारणाने बंद झाली याविषयी अहवालात काय म्हटले आहे, ते त्या अहवालाच्या नावावर लिहावे. ‘मानवनिर्मित’ हे विशेषण अहवालात असेल तेव्हा अवतरणात द्यावे, स्वतःच्या अंगावर घेऊन नव्हे. वरिष्ठांना ‘दुष्काळ’ आणि ‘उपासमार’ असा वाद घालून पटणार नाही. पर्याय म्हणून हे तीन शब्द पुढे ठेवा, त्यांना ते बहुधा चालतील.

वरिष्ठांना शब्दांचा हा काथ्याकूट वाटला, तर बंगालचा दाखला द्यावा. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता, त्या काळच्या भाषेत ‘फॅमिन कोड’, तयार झाल्या. दुष्काळ जाहीर झाला की कामे काढणे, ठरलेली मजुरी देणे, अपंग-वृद्धांना फुकट अन्न देणे हे अधिकाऱ्यावर बंधनकारक होई. १९४३ मध्ये बंगालात माणसे कोलकात्याच्या रस्त्यांवर मरत असताना प्रांतिक सरकारने या संहितेखाली दुष्काळ जाहीर केलाच नाही. संहितेने ठरवलेला शिधा देण्याइतके धान्यच आमच्यापाशी नाही, असे कारण गव्हर्नरने व्हाइसरॉयला कळवले. सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. शब्द उच्चारला असता तर देणे लागले असते, म्हणून तो उच्चारला गेला नाही.

उलट उदाहरण आपल्याकडचे आहे आणि तुमच्यासारख्या भाषांतर करणाऱ्याला ते अधिक जवळचे वाटेल. १८९६-९७ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने आणि टिळकांच्या ‘केसरी’ने या इंग्रजी संहितेतल्या तरतुदी मराठीत समजावून गावोगाव पोहोचवल्या : पीक बुडाल्यास सारा तहकूब किंवा माफ होऊ शकतो, काम मागितल्यास ते मिळाले पाहिजे, ही मागणी भीक नसून कायद्यात लिहिलेली आहे. सरकारला हे इतके झोंबले की १८९७ मध्ये सभेला असलेली सरकारमान्यता काढून घेण्यात आली.

यातूनच तुमच्या ‘टंचाई’चा उलगडा होतो. १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक छोटासा कायदा केला; राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ ही संज्ञा वगळणे, हाच त्याचा विषय आणि हेच त्याचे नाव. त्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द आला. शासन शेतीच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवून असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदतकार्य सुरू होते, त्यामुळे दुष्काळाची अवस्था उद्भवण्याला आता वाव उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. नवव्या वर्षी बहात्तर उजाडले. तुमच्या हाती आलेल्या कागदांत ‘टंचाई’ आहे ती या कायद्यामुळे. एखाद्या तलाठ्याने किंवा तहसीलदाराने संकट लहान करून दाखवले असा अर्थ त्यातून काढू नका. या कायद्याची टिंगल करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केली आहे. मला ती पुरती न्याय्य वाटत नाही. मे १९७३ मध्ये सरकारी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती, आणि बंगालसारखा संहार महाराष्ट्रात झाला नाही तो या कामांमुळे. इंग्रजी लेखनात बहात्तरला अनेकदा ‘टळलेले फॅमिन’ म्हणतात ते याच अर्थाने. परंतु संज्ञा कायद्यातून गेल्यामुळे लोकांच्या हाती असलेला मागणीचा शब्दही गेला, ही दुसरी बाजूही खरी आहे. ‘टंचाईसदृश’ आणि ‘दुष्काळसदृश’ अशा पायऱ्या पुढे कागदोपत्री निघाल्या त्या त्याच वाटेने. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ स्थिती सांगितली आणि महिनाअखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जमीन महसुलातली सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफी या गोष्टी अशा घोषणेला बांधलेल्या असतात. गावकऱ्याच्या तोंडी दुष्काळ ‘पडतो’ आणि सरकारदरबारी तो ‘जाहीर’ व्हावा लागतो, एवढ्या दोन क्रियापदांत सगळा व्यवहार आला.

आजीच्या आठवणींत म्हणून ‘दुष्काळ’ हाच शब्द ठेवा, आणि सरकारी कागदातला उतारा देताना ‘टंचाई’ जशीच्या तशी अवतरणात ठेवून १९६३ च्या कायद्याची एका ओळीची टीप द्या. तिच्या बोलण्यातले सुकडी, मिलो, बंडिंग, खडी फोडणे हे शब्द ‘पूरक आहार’, ‘आयात ज्वारी’ असे करून सोज्वळ करू नका. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, एवढे कंसात पुरेल. मात्र एका ठिकाणी तिच्या शब्दाला हलकेच पडताळून घ्यावे लागेल. त्या पिढीतली अनेक माणसे बहात्तरच्या कामांनाही आता ‘रोजगार हमी’ म्हणतात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेचा कायदा १९७७ चा आहे आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. बहात्तर-त्र्याहत्तरची ती सगळी फौज दुष्काळी कामांवर होती. आजी ‘हमीवर गेले’ म्हणाली असेल तर ते वाक्य तसेच राहू द्या, पण तुमच्या निवेदनात ‘दुष्काळी काम’ लिहा, आणि तिने नंतरच्या एखाद्या वर्षाची आठवण बहात्तरमध्ये मिसळलेली नाही ना, हे काम कोणते होते, पाझर तलाव की रस्ता, आणि मजुरीत धान्य मिळे की रोख, असे विचारून पाहून घ्या.